मदत हवी आहे: मेन इव्हेंटच्या यादीतनं भावाचं नाव गायब झालंय, बाहेर पडला काय?

राजारामपुरी_कट्टा, ८ जुलै २०२५, रात्री २:१०
कोण जागं असलं तर लवकर सांगा. मामेभाऊ लास वेगासला पोकर खेळालाय, शनिवारी त्याच्या नावापुढं ९७,३०० चिप्स (खेळातल्या सोंगट्या) दिसत होत्या आणि आत्ता यादीत नावच नाही. वरपासनं खालपर्यंत तीनदा बघितलं, आडनाव टाकून शोधलं, नाव टाकून शोधलं. व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक. मामी जागीच आहे, दर दहा मिनिटांनी विचारतीया. बाहेर गेला म्हणून सांगू का थांबू?

पांढरा_रस्सा, २:१६
कुठली स्पर्धा ते तर लिही भावा. पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यंदा शंभर स्पर्धा आहेत. आणि यादी कुठं बघालायस?

राजारामपुरी_कट्टा, २:१८
मेन इव्हेंट ओ, दहा हजार डॉलरवाली. दुसऱ्या कुठल्या स्पर्धेसाठी मामी जागी राहील? चिप काउंटचं, म्हणजे कुणाकडं किती चिप्स त्याचं पान मोबाईलवर उघडलंय.

शेवटची_बस, २:२५
यादीच्या नादाला लागूच नकोस. पैसे भरून लाइव्ह स्ट्रीम घे, डोळ्यांनी बघ. मी २०२३ ला डॅनियल वाइनमन जिंकला तेव्हापासनं बघतोय. १०,०४३ जण खेळले होते तेव्हा, १ कोटी २१ लाख डॉलर पहिलं बक्षीस. त्याचं फायनल टेबल बघितलं की यादीबिदी विसरशील.

पांढरा_रस्सा, २:३१
अहो त्याचा भाऊ कॅमेऱ्याच्या टेबलवर नाही. शेकडो टेबलं असतात, त्यातली एक-दोनच दाखवतात, आणि तीही उशिरानं, म्हणजे कुणाची झाकली पानं कुणाला आधी कळू नयेत. स्ट्रीम घेऊन त्याला त्याचा भाऊ कसा दिसणार?

शेवटची_बस, २:३४
खेळ कळायला तरी मदत होईल की. नुसते आकडे बघून काय कळतंय.

खासबाग_७८, २:४०
हे तीन पत्तीच ना? मग सरळ आहे, नाव नाही म्हणजे पॅक.

पांढरा_रस्सा, २:४७
तीन पत्ती नव्हं काका. होल्डेम म्हणतात. हातात दोनच पानं, मधी सगळ्यांची मिळून पाच उघडी, त्या सातातनं चांगली पाच धरायची.
कट्टा, पहिल्या दिवशी तो कधी बसला ते सांग. पहिला दिवस चार वेळा होतो, ए बी सी डी. यातलं कुठलं?

राजारामपुरी_कट्टा, २:५२
ते मला काय माहीत. तिकडच्या शुक्रवारी बसला. शनिवारी दुपारी एकला आमच्याकडं फोटो आला, चिप्स प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर नाव आणि आकडा लिहिलेला, सही केलेली. मामीला ते डॉलर वाटले, म्हणाली एवढे मिळालेत तर घेऊन ऊठ म्हणावं. त्यानंतर एकादशी. आम्ही नंदवाळला चालत गेलो, आलो ते झोपलोच, सोमवारचं काही बघितलं नाही. आत्ता उघडलं तर हे.

रंकाळा_वारा, २:५८
नंदवाळला रस्त्यात चिखल होता का ओ? आमची आई जायची म्हणत होती. आणि पंचगंगेची पातळी किती झालीय आत्ता कुणाला माहिती आहे का, राजाराम बंधाऱ्याची?

नोटीस_आली, ३:०५
एक महत्त्वाचं, आधीच सांगतो. भारतात राहणाऱ्याला तिथं बक्षीस लागलं तर ३० टक्के तिथंच कापून हातात देतात. कागदपत्रं जपून ठेवायला सांगा.

राजारामपुरी_कट्टा, ३:०७
अहो तो १२ वर्षं न्यू जर्सीत आहे, तिथंच टॅक्स भरतो. आणि बक्षिसाचं नंतर, आधी तो आहे का गेला ते सांगा की!!

ताराबाई_पार्क, ३:१२
राग मानू नका पण स्पष्ट लिहिते. साडेआठ लाख रुपये पत्त्यावर लावायचे आणि घरातल्या बायकांनी रात्री जागायच्या. माझ्या सासऱ्यांनी जमिनीचा एक तुकडा असाच घालवला. मुलाला परत बोलवा.

राजारामपुरी_कट्टा, ३:२०
ताई तुमचं दुःख कळतंय. पण त्यानं ते पैसे घातलेले नाहीत, अकराशे डॉलरच्या सॅटेलाइटमधनं, म्हणजे मोठ्या स्पर्धेची सीट देणाऱ्या छोट्या स्पर्धेतनं, सीट जिंकलीय. आणि या स्पर्धेत प्रवेश फी गेली की संपलं, खिशातनं अजून काढायची सोयच नाही. चार वर्षं ऑफिसवरनं आला की हातांच्या (म्हणजे डावांच्या) नोंदी लिहितो, दोन वह्या भरल्यात, मी बघितल्यात.

शेवटची_बस, ३:२८
सॅटेलाइटवरनं आठवलं. ख्रिस मनीमेकर, साधा अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधनं आला आणि २००३ ला मेन इव्हेंट मारला, २५ लाख डॉलर. तेव्हा ८३९ जण होते, तीनच वर्षांत ८,७७३ झाले. तुमच्या भावाची वाट तीच आहे.

पांढरा_रस्सा, ३:३४
सापडलं. कट्टा नीट वाच. ए, बी, सी तिन्हीतनं वाचलेले सगळे दुसऱ्या दिवसाला एकत्र बसतात, त्याला टू-एबीसी म्हणतात, तो रविवारी झाला, म्हणजे आपल्याकडं एकादशीची मध्यरात्र ते सोमवार दुपार. डीवाल्यांचा दुसरा दिवस वेगळा, टू-डी, तो आत्ता चालू आहे. तू टू-डीची यादी उघडून बसलायस. तुझा भाऊ शुक्रवारचा म्हणजे सीचा. त्याचं नाव त्यात असायचंच नाही, आज त्याला सुट्टी. पानावर वरती दिवस बदलायचं आहे बघ, तिथं टू-एबीसी घे आणि दिवस संपल्यानंतरची यादी बघ. मधली नको. मधली यादी बातमीदार टेबलाटेबलावर फिरून करतात, सगळ्यांची मोजणी त्यांच्याच्यानं होत नाही.

खासबाग_७८, ३:३९
बातमीदारावर एवढं चालतं होय? कुस्तीत कसं, चितपट म्हणजे चितपट, अख्ख्या मैदानाला दिसतं.

शेवटची_बस, ३:४६
कुस्तीचं बरं काढलंत काका. गेल्या साली जोनाथन टामायो जिंकला, १ कोटी डॉलर, तेव्हा त्याची माणसं कठड्याबाहेर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तो मधी मधी त्यांच्याकडं जात होता. लई वाद झाला. माझ्या मते त्यात काही वाईट नाही, वस्ताद हौद्याच्या कडेनं ओरडतोच की.

खासबाग_७८, ३:५१
वस्ताद ओरडतो ते दोन्ही पैलवानांना ऐकू येतं. आणि वस्तादाच्या हातात यंत्र नसतंय. ते आणि हे एक नव्हं.

पांढरा_रस्सा, ३:५५
काकांशी सहमत. पोकरचा नियमच आहे, एका हाताला एकच खेळाडू. म्हणून तर यंदा अशा यंत्रांवर नियम कडक केलेत.

राजारामपुरी_कट्टा, ३:५८
सापडला!!! टू-एबीसीच्या शेवटच्या यादीत, २,१४,०००! स्क्रीनवर बोट ठेवून मामीला वाचून दाखवलं, तिनं मोबाईल हातात घेऊन स्वतः परत वाचलं. पांढरा रस्सा, तुमचे उपकार. पण हे चांगलं का वाईट? यादीत कुणाकुणाचे चार-पाच लाख आहेत.

पांढरा_रस्सा, ४:०६
सगळ्यांना सुरुवातीला ६० हजार मिळतात, म्हणजे साडेतीन पट केलेत. पण नुसता आकडा बघू नको. त्या वेळच्या बिग ब्लाइंडनं (पानं बघायच्या आधी सक्तीनं लावायच्या चिप्स) भाग. समज ब्लाइंड २,००० असला तर २,१४,००० म्हणजे १०७, आरामात. दर दोन तासांनी ब्लाइंड वाढतो, तेच २,१४,००० ब्लाइंड ४,००० झाल्यावर निम्मे होतात. एकही हात न हरता. आणि पैशात अजून आलेला नाही हे मामींना सांगा, साधारण १५ टक्के लोकांनाच बक्षीस मिळतं, पहिली पायरी १५ हजार डॉलर.

शेवटची_बस, ४:११
तिसऱ्या दिवसाला तरी स्ट्रीम घे. ऐक माझं.

रंकाळा_वारा, सकाळी ७:४०
पातळीचं कुणीच सांगितलं नाही. आमच्या घराकडं २०१९ ला पाणी आलं होतं म्हणून विचारते, उगाच नाही.

ताराबाई_पार्क, ७:५५
रंकाळा, इशारा ३९ फुटाला आणि धोका ४३ ला. जिल्हा आपत्ती कक्षाचा आकडा दिवसातनं बऱ्याच वेळा येतो, तोच बघ. कट्टा, मामी झोपल्या का?

राजारामपुरी_कट्टा, संध्याकाळी ७:३०
झोपल्या ताई, पाचला. दुपारी भावाचा मेसेज आला, सुट्टी म्हणून फोन बंद करून दिवसभर झोपला होता. आज रात्री साडेबाराला तिसरा दिवस, आपण साडेबारा तास पुढं. पाऊस बघता लाइट जाणार, पॉवर बँक दोन चार्ज करून ठेवल्यात.

राजारामपुरी_कट्टा, रात्री १२:४८
बसला. टेबलवर एक ब्रेसलेटवाला (वर्ल्ड सिरीजची स्पर्धा आधी जिंकलेला) आहे म्हणतोय, त्याच्या डावीकडं. हे चांगलं का वाईट, कोण आहे जागं?

पांढरा_रस्सा, १२:५१
मी आहे. वाईट. डावीकडचा बहुतेक वेळा तुझ्या भावाची चाल बघून मगच स्वतःची खेळणार. तो उजवीकडं असता तर बरं झालं असतं.