मदत हवी आहे: ऑप्टिकल ट्रॅपचा स्टिफनेस दोन पद्धतींनी दुपटीहून वेगळा येतोय

बीडपकड:
लेझरच्या फोकसमध्ये (ऑप्टिकल ट्रॅपमध्ये) धरलेल्या एकाच बीडवर, म्हणजे सूक्ष्म गोळीवर, एकाच लेझर पॉवरला ट्रॅपचा स्टिफनेस (स्प्रिंगसारखा कडकपणा) दोन पद्धतींनी मोजला, आकडे जुळत नाहीत. तपशील असे:

लेझर १०६४ नॅनोमीटर, सॅम्पलपाशी अंदाजे ३० मिलीवॅट. १००एक्स ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह, एनए (न्यूमरिकल अ‍ॅपर्चर) १.३. १ मायक्रॉन व्यासाचा पॉलिस्टायरीन बीड, साधं पाणी, २५ अंश. बीड कव्हरस्लिपपासून ३ मायक्रॉन वर धरलाय.

पहिली पद्धत: सिलिकॉनचा क्वाड्रंट फोटोडायोड (बीडची जागा टिपणारा चार भागांचा डिटेक्टर), ट्रॅपच्याच लेझरवर. ५० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, पॉवर स्पेक्ट्रमला लॉरेंट्झियन फिट. एक्स अक्षावर कॉर्नर फ्रिक्वेन्सी (जिथून स्पेक्ट्रम उतरू लागतो ती) ५९० हर्ट्झ. स्टोक्स ड्रॅग (बीडला होणारा पाण्याचा विरोध) धरला की स्टिफनेस ०.०३१ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर.

दुसरी पद्धत: कॅमेरा, ५०० फ्रेम प्रति सेकंद, एक्स्पोजर १ मिलिसेकंद, पिक्सेल ६५ नॅनोमीटर. एक मिनिटाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक्सचं व्हेरिअन्स (जागेचा पसारा, वर्गात) ५७ चौरस नॅनोमीटर. इक्विपार्टिशनने (थर्मल ऊर्जा भागिले व्हेरिअन्स) स्टिफनेस ०.०७२.

आणखी दोन त्रास. फिट २ किलोहर्ट्झपर्यंत केला तर ५९० येतात, २० किलोहर्ट्झपर्यंत नेला तर ५३० च्या आसपास. आणि वाय अक्षावर, त्याच २ किलोहर्ट्झच्या फिटमध्ये, ५२० च. खरा आकडा कोणता धरायचा?

तरंगबिंदू:
कॅमेरा फार हळू आहे. कॉर्नर फ्रिक्वेन्सी ५९० आणि फ्रेम रेट ५००, म्हणजे नायक्विस्ट (फ्रेम रेटच्या निम्मी, टिपता येणारी कमाल फ्रिक्वेन्सी) अवघा २५०. निदान ५००० फ्रेम तरी हव्यात, नाहीतर कॅमेऱ्याचा नाद सोडा.

फाक्सेन_काका:
तरंगबिंदू, इथे फ्रेम रेटचा दोष नाही. व्हेरिअन्सला कालक्रम लागतच नाही. फ्रेमा पत्त्यांसारख्या पिसल्या तरी उत्तर तेच. ट्रॅपचा रिलॅक्सेशन टाइम (सरकलेला बीड मध्याकडे परतायचा वेळ) इथे ०.२७ मिलिसेकंद आहे (१ भागिले २ पाय गुणिले ५९०) आणि फ्रेमांमधलं अंतर २ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक फ्रेम जवळजवळ स्वतंत्र नमुना, ही तर सोयीची गोष्ट. ३०,००० फ्रेमांवर व्हेरिअन्समधली सांख्यिकी चूक वर्गमूळ (२ भागिले ३०,०००), म्हणजे एक टक्क्याहून कमी.

घोळ एक्स्पोजरचा आहे. शटर १ मिलिसेकंद उघडं असताना बीड ट्रॅपमध्ये बरंच इकडेतिकडे करून येतो आणि कॅमेऱ्याला दिसते ती त्या सगळ्या जागांची सरासरी. सरासरीचं व्हेरिअन्स मूळ व्हेरिअन्सपेक्षा कमीच भरणार, आणि व्हेरिअन्स कमी म्हणजे ट्रॅप खोटाच कडक दिसणार. वाँग आणि हॅलवर्सन यांनी २००६ मध्ये याचा नेमका गुणक दिलाय. एक्स्पोजर भागिले रिलॅक्सेशन टाइम याला अल्फा म्हणा. मग

गुणक = २/अल्फा − (२/अल्फा²) × (१ − ई^(−अल्फा))

दिसणारं व्हेरिअन्स = खरं व्हेरिअन्स × गुणक. तुमच्या ट्रॅपसाठी एक्स्पोजर ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिसेकंद धरलं तर गुणक अनुक्रमे ०.८९, ०.७९, ०.५९ आणि ०.४० येतो. म्हणजे सध्या साठ टक्के हालचाल शटरच गिळतंय.

यात अल्फा काढायला कॉर्नर फ्रिक्वेन्सी थेट वापरता येते, ड्रॅग माहीत असण्याची गरज नाही. क्वाड्रंट डायोड नसेल त्यांनी चार-पाच एक्स्पोजरना व्हेरिअन्स मोजून स्टिफनेस आणि रिलॅक्सेशन टाइम दोन्ही फिटमधून काढावेत.

आता उलटा हिशेब करण्याआधी ट्रॅकिंगचा नॉइज (बीड स्थिर असला तरी कॅमेऱ्याला दिसणारी थरथर) वजा करायला हवा. काचेला चिकटलेला बीड शोधा (पाण्यात मीठ वाढवलं की चिकटतात), तेच एक्स्पोजर, तोच एलईडी करंट, तीच फोकसची पातळी ठेवून रेकॉर्ड करा आणि त्याचं व्हेरिअन्स आधी वजा करा, मग गुणकाने भागा. क्रम उलटा केला तर उत्तर चुकतं, कारण कॅमेऱ्याच्या नॉइजला ब्लर, म्हणजे शटरची ही सरासरी, लागू नाही.

लॉरेंट्झियन:
काकांच्या उत्तराला जोडून, पहिल्या पद्धतीचा ०.०३१ हा आकडाही कच्चाच आहे. स्टोक्स ड्रॅग मोकळ्या पाण्यातला असतो. तुमचा बीड काचेजवळ आहे. भिंतीजवळचा ड्रॅग देणाऱ्या फाक्सेनच्या सूत्राची पहिली पदं अशी: त्रिज्या भागिले बीडच्या केंद्राची उंची याला गुणोत्तर म्हटलं तर ड्रॅगला भागायचं (१ − ९/१६ × गुणोत्तर + १/८ × गुणोत्तराचा घन − …) ने. ०.५ मायक्रॉन त्रिज्या आणि ३ मायक्रॉन उंचीला ड्रॅग १० टक्क्यांनी वाढतो. २ मायक्रॉनला १६, १ मायक्रॉनला जवळजवळ ३९ टक्के. ५ मायक्रॉनवर गेलं तरी ६ टक्के उरतातच.

तेव्हा ड्रॅग ८.४ च्या जागी ९.२५ नॅनोन्यूटन सेकंद प्रति मीटर धरा, स्टिफनेस ०.०३४ येईल.

उंची कशी मोजली तेही बघा. ऑइल ऑब्जेक्टिव्हमध्ये स्टेज १ मायक्रॉन हलवलं की ट्रॅप पाण्यात तेवढा सरकत नाही, काच आणि पाण्याच्या अपवर्तनांकातल्या फरकामुळे साधारण ०.८ मायक्रॉनच सरकतो. नॉबवरचे ३ म्हणजे प्रत्यक्षात २.४ असतील तर आणखी दोन-तीन टक्क्यांचा फरक. त्याच कारणामुळे खोल जावं तसा ट्रॅप ढिला पडत जातो, म्हणून कॅलिब्रेशन ज्या उंचीला प्रयोग करणार तिथेच करा. भिंत टाळायची म्हणून २० मायक्रॉनवर जाऊन करू नका.

आता ५९० की ५३०. सिलिकॉन १०६४ नॅनोमीटरला जवळपास पारदर्शक असतो. प्रकाश डिप्लीशन थराच्या (जिथून चार्ज झटपट गोळा होतात) पलीकडे शिरतो आणि तिथे तयार झालेले चार्ज डिफ्यूजनने रमतगमत येतात. परिणामी डायोड स्वतःच काही किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर बनतो. स्पेक्ट्रमची शेपटी वर्गाच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने उतरते, आणि साधा लॉरेंट्झियन ती उतरण गाठायला कॉर्नर खाली ओढतो. तुमचा ५३० तिथूनच येतो. उपाय तीन. फिटची वरची मर्यादा २ किलोहर्ट्झवर ठेवणं सोपं, पण अर्धवट, ट्रॅप कडक केला की हाच प्रश्न परत. दुसरा, फिटमध्ये फिल्टर घालणं: लॉरेंट्झियन गुणिले [अ² + (१ − अ²)/(१ + (फ/फ३)²)], यात अ हा झटपट येणाऱ्या सिग्नलचा वाटा आणि फ३ फिल्टरची फ्रिक्वेन्सी. दोन्ही मोकळे सोडा. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर, किंवा ट्रॅकिंगसाठी ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा वेगळा कमकुवत लेझर.

अँटी-अलियासिंग फिल्टर (सॅम्पलिंगच्या निम्म्यावरच्या फ्रिक्वेन्सी आधीच अडवणारा) आहे का हेही तपासा. नसेल तर २५ किलोहर्ट्झजवळ शेपटी वर उचलली जाते आणि डायोडचा दोष थोडा झाकला जातो. फिट तेव्हा देखणा दिसतो, आकडा मात्र चुकीचाच. खालची मर्यादा ५० हर्ट्झ ठेवली की टेबलाची थरथर आणि लेझरचं भटकणं बाहेर राहतं.

बीडपकड:
धन्यवाद! चिकटलेला बीड १ मिलिसेकंद एक्स्पोजरला मोजला: स्टँडर्ड डेव्हिएशन ३ नॅनोमीटर, म्हणजे व्हेरिअन्स ९. मग (५७ − ९)/०.४० = १२०, आणि ४.११ (थर्मल ऊर्जा, पिकोन्यूटन नॅनोमीटरमध्ये) भागिले १२० म्हणजे ०.०३४. लॉरेंट्झियन यांच्या आकड्याशी जुळतंय. पुढच्या मोजणीसाठी एक्स्पोजर सरळ ०.२ वर आणलं तर गुणकाची भानगड टाळता येईल का?

फाक्सेन_काका:
तिथे एक फसवी जागा आहे. एलईडी तेवढाच ठेवून एक्स्पोजर पाचपट कमी केलं तर फोटॉन पाचपट घटतात. नॉइज फोटॉनांमुळेच असेल तर ३ नॅनोमीटरचे ६.७ होतात, व्हेरिअन्स ४५. ब्लर झालेलं खरं व्हेरिअन्स ९५. बेरीज १४०, आणि कुठलीच दुरुस्ती न करता स्टिफनेस ०.०२९. तुमच्या आधीच्या ०.०३१ च्या शेजारीच! पद्धत बरोबर चालली असं वाटेल, पण तिथे ब्लर आणि नॉइज एकमेकांविरुद्ध ओढताहेत इतकंच. पॉवर बदलली की तोल जाणार. तेव्हा एक्स्पोजर कमी कराच, पण एलईडी तितका वाढवा आणि दोन्ही दुरुस्त्या चालू ठेवा. एलईडीला कॅमेऱ्याच्या ट्रिगरवर ०.१ मिलिसेकंदाचे झोत द्यायची सोय असेल तर उत्तम.

ड्रिफ्टही (उपकरणाचं हळूहळू सरकणं) बघा. तोही व्हेरिअन्स वाढवतो आणि स्टिफनेस कमी दाखवतो. एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाचं व्हेरिअन्स काढा. तुकड्यांची सरासरी पूर्ण रेकॉर्डिंगच्या आकड्यापेक्षा ठळकपणे कमी आली तर ड्रिफ्ट आहे. आणि पिक्सेलचा आकार स्टेज मायक्रोमीटरने एकदा मोजून घ्या. ६५ हा सेन्सरचा पिक्सेल भागिले १०० असा काढला असेल तर भरवसा नको, ट्यूब लेन्सवर तो बदलतो. पिक्सेलमधली ३ टक्के चूक व्हेरिअन्समध्ये ६ टक्के होते.

तरंगबिंदू:
काका, पटलं. दोन्ही पद्धती थर्मल हालचालीवरच उभ्या आहेत, मग तिसरी तपासणी ड्रॅग फोर्सने करावी का?

फाक्सेन_काका:
हो, करावीच. पिएझो स्टेजला त्रिकोणी लहर द्या: वेग १०० मायक्रॉन प्रति सेकंद, पल्ला ५० मायक्रॉन, म्हणजे एका दिशेला अर्धा सेकंद. फोर्स ०.९३ पिकोन्यूटन, बीड सुमारे २७ नॅनोमीटर सरकायला हवा. दोन्ही दिशांच्या जागांमधलं अंतर घेऊन त्याचं अर्ध करा, शून्य कुठे आहे हा प्रश्न सुटतो. वळणाजवळच्या फ्रेमा टाका. इथे कॅमेऱ्याचा ब्लर आड येत नाही, कारण आपण सरासरी जागा मोजतोय, पसारा नाही. वेग तीन-चार घ्या, आलेख सरळ रेषेत आला पाहिजे. स्टेज तिरकं असेल तर ५० मायक्रॉनच्या प्रवासात बीडची उंची बदलते आणि ड्रॅगही, त्यामुळे ३ मायक्रॉनवर काम करताना आधी चेंबरची पातळी बघा.

लॉरेंट्झियन:
वाय अक्षाचं राहिलंच. ५९० आणि ५२० यांच्यात १२ टक्के फरक आहे, ड्रॅग दोन्ही अक्षांना सारखाच, म्हणजे स्टिफनेस खरोखरच वेगळा. एवढ्या एनएला पोलरायझेशनच्या दिशेने फोकस लांबट होतो, त्यामुळे असा फरक नवलाचा नाही. खात्री करायची तर ऑब्जेक्टिव्हच्या आधी हाफ-वेव्ह प्लेट ठेवून ४५ अंश फिरवा, पोलरायझेशन ९० अंश फिरेल. एक्स आणि वायचे आकडे अदलाबदल झाले तर कारण तेच. फरक जागच्या जागी राहिला तर बीम लंबगोल आहे किंवा ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या छिद्रात मधोमध बसत नाही. प्लेट डायक्रोइकच्या (लेझर ऑब्जेक्टिव्हकडे वळवणाऱ्या आरशाच्या) आधी असेल तर एस किंवा पी (आरशावरच्या आपात प्रतलाला लंब किंवा समांतर पोलरायझेशन) या दोनच स्थितींत मोजा. मधल्या कोनांना डायक्रोइक पोलरायझेशन लंबवर्तुळाकार करून टाकतो आणि चाचणीला अर्थ उरत नाही.