सोताचा चेहरा काढतो तर हात आपोआप जवान करते, काय करू?

पेंटरकाका, दारव्हा तालुका
वय ६४. चाळीस वर्षं दुकानाच्या पाट्या अन् शाळेच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या. मंग मेलेल्या माणसायच्या तसबिरी कराले लागलो. रेशनकार्डावरचा नखाएवढा फोटो देत अन् पोरगं म्हणे, "काका, बाबाले जरा जवान दाखवा." दाखवलं. सुरकुत्या पुसल्या, गाल भरले, पैसे घेतले.

आता मोतीबिंदू काढल्यावर (निया रंग भलताच निया दिसते!) आरशापुढं बसून सोतालेच काढतो. तीन झाले. तिन्हीत मी चाळिशीचा. बायको म्हणे, "हा कोन पाव्हना?" काया रंगानं सुरकुत्या ओढल्या तं दंडारीतला (गावच्या नाटकातला) म्हातारा झालो. काय चुकून राह्यलं?

रिटायर ड्रॉइंग मास्तर, वरूड
काका, सुरकुती म्हणजे रेघ नाही, घडी आहे. एक बाजू उजेडात, एक सावलीत. काळा डबा आधी झाकून ठेवा. ट्यूबलाइटखाली बसत असाल तर उठा. सकाळी दारात बसा, खिडकीला पोतं लावा.

डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६६९ साली स्वतःला रंगवलं ते चित्र मोबाइलवर मोठं करून पाहा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वय ६३, त्याच वर्षी गेला. १६५६ मध्ये दिवाळं निघालेला माणूस, पण तोंड लपवलेलं नाही. उजेडातल्या कातडीवर रंग जाड थापलाय, सावलीत पातळ. क्ष-किरणांत कळलं की आधी हातात ब्रश होता. तो पुसून त्यानं हात नुसते जुळवून ठेवले.

आर्टवाली, अमरावती
पाटीचा इनॅमल वापरता का काका? तो सपाट बसतो, भराभर सुकतो, घोळवता येत नाही. ट्यूबमधले तैलरंग घ्या. ते बहुतेक जवसाच्याच तेलात असतात, पण म्हणून तेलघाण्यावरचं तेल ओतू नका, ते चटणीवरच बरं.
केस-दाढीसाठी रेम्ब्रांटची तरुणपणची युक्ती करून पाहा: ओल्या रंगात ब्रशच्या दांडीनं खरवडायचं.

पेंटरकाका, दारव्हा तालुका
मास्तर, आठ दिवस दारात बसलो. डाव्या डोयाखालची पिशवी उजव्यापेक्षा मोठी हाय, हे मले ६४ वर्षांत ठाऊक नव्हतं! दोनदा हातानं ती बारीक केली, दोनदा फडक्यानं पुसून परत काढली. दाढीचे खुंट दांडीनं खरवडले पोरी, झकास जमले.
बायकोनं लय वेळ पाह्यलं. म्हणे, "हाव, हे तुमीच. पन दाढी करून बसाचं होतं ना बावा!"