१५०० मीटरचा सगळ्यात भारी रनर एल गेरूज? मला न्हाई पटत

खासबागकर:
जो तो डोळे झाकून मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचं नाव घेतोय. १५०० ला ३:२६.००, रोम, १९९८. माईल (१६०९ मीटर) ३:४३.१३, परत रोमच, १९९९. पाव शतक झालं, दोन्ही रेकॉर्ड तसेच हायत, मान्य. पण पुढं पेसमेकर होते की, म्हंजे वेग धरून द्यायला ठरवून पुढं पळणारे गडी. पहिले दोन-अडीच राऊंड वारा दुसऱ्यानं अंगावर घ्यायचा आणि हा मागनं आरामात. खासबागेत कुस्तीला आधी दुसऱ्यानं लढून समोरचा दमवून द्यायचा असं चालतंय व्हय? ऑलिम्पिकला भाड्याचे पेसमेकर नसतात, तिथं बघा काय झालं, १९९६ ला पडला, २००० ला सिल्व्हर. ब्रिटनचा सेबॅस्टियन को १९८० आणि १९८४, लागोपाठ १५०० चं ऑलिम्पिक गोल्ड. ते आजवर दुसऱ्या कुठल्या पुरुषाला जमलेलं न्हाई.

भरतीवाला:
भावा पडला म्हंजे काय हौसेनं पडला का, अटलांटाला शेवटच्या राऊंडच्या तोंडाला पुढं पळणाऱ्या अल्जेरियाच्या मोरसेलीच्या पायात पाय अडकला, २१ वर्षांचं पोरगं, शेवटचा आला. त्यानंतर १९९७, ९९, २००१, २००३, चार वर्ल्ड चॅम्पियनशिप ओळीनं. आम्ही पोलीस भरतीसाठी १६०० मीटर ५:१० च्या आत मारायला, म्हंजे २० पैकी २० पडावेत म्हणून, पहाटे युनिव्हर्सिटीच्या ग्राउंडवर जीव काढतोय, तिसऱ्या राऊंडला मांड्या दगड होतात आणि तोंडाला फेस, आणि हा गडी ९ मीटर जास्तीचं ३:४३ मध्ये. पेसमेकर आम्हाला पण द्या, बघू कोण पळतंय ते.

खासबागकर:
२००० ला सिडनीच्या फायनलला गेरूजच्याच देशाचा युसेफ बाबा पुढनं ओढत होता. तरी शेवटच्या टप्प्यात केनियाचा नोआ एन्गेनी काढून गेला. सोय असून हरला, हे तर जास्तच वाईट.

रंकाळा_राऊंड:
तो एन्गेनी कोण माहितीय ना? रोमच्या त्या माईलला शेवटपर्यंत पाठीला चिकटून ३:४३.४० पळालेला. पेसमेकर कधीच बाजूला झालेले, शेवटचा राऊंड मागं श्वास ऐकू येणारा माणूस घेऊन पळायचा, त्याला आयता रेकॉर्ड म्हणणं म्हंजे कायतरीच. आणि तुमचे को साहेब १९७९ ला ४१ दिवसांत तीन रेकॉर्ड काय एकटेच पळून करत होते? वर्ल्ड चॅम्पियनशिपचं एक गोल्ड दाखवा त्यांचं. १९८३ ला आजारी होते, गेलेच नाहीत, ती सूट देते मी. मग गेरूजला पडल्याची सूट का नाही?

भरतीवाला:
आणि अथेन्स २००४ कुणी काढंना झालंय! त्याच महिन्यात झुरिकला केनियाच्या लगाटनं गेरूजला हरवलेलं. फायनलला शेवटच्या शंभरात तोच लगाट बरोबरीला आला, जरा पुढं पण डोकावला, संपलं वाटलं, आणि हा परत आला की राव. ३:३४.१८ विरुद्ध ३:३४.३०. चार दिवसांनी ५००० मध्ये इथिओपियाच्या बेकेलेला पण हरवून गोल्ड. एकाच ऑलिम्पिकला दोन्ही गोल्ड, १९२४ च्या फिनलंडच्या पावो नूर्मीनंतर हाच. नाद खुळा.

खासबागकर:
५००० मध्ये आणू नकोस, विषय १५०० चा हाय. एक गोल्ड विरुद्ध दोन, हिशोब संपला.

रंकाळा_राऊंड:
मग को यांचं ८०० पण काढू नका, तिथं दोन्ही वेळा सिल्व्हरच.

खासबागकर:
८०० चा १:४१.७३ चा रेकॉर्ड १९८१ पास्नं १६ वर्षं कुणाला हलवता आला न्हाई, ते पण सांगा की ताई.

भरतीवाला:
पहिल्या राऊंडला पुढं पेसमेकर होता भावा.