मदत हवी आहे: पूर चढू लागताच पार्टिकल फिल्टर कोसळतो, अवस्था आणि पॅरामीटर एकत्र कसे काढावेत?

नमस्कार.

मी नाशिकमध्ये जलसंपदा अभियांत्रिकीत पीएचडीसाठी काम करते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्यावर होळकर पुलापाशी गोदावरीची पातळी पुढच्या काही तासांत किती चढेल, याचा एकच आकडा न देता संभाव्यतेसह पट्टा देता यावा, हा माझ्या मॉडेलचा हेतू आहे.

मॉडेल मुद्दाम लहान ठेवले आहे. अवस्थेत, म्हणजे दर तासाला प्रणाली कशी आहे हे सांगणाऱ्या राशींत, तीनच घटक आहेत: धरण आणि पूल यांच्यामधल्या पाणलोटातील मातीचा ओलावा, ओढ्या-नाल्यांतून लवकर वाहून येणारे पाणी आणि नदीपात्रातला साठा. पात्रातला साठा न-व्या घाताला चढवून क ने गुणला की पुलाखालचा विसर्ग मिळतो. न ची किंमत १ पेक्षा जास्त असल्यामुळे आणि माती एकदा भरली की पुढचा सगळा पाऊस वाहून जात असल्यामुळे प्रणाली चांगलीच अरेषीय आहे. धरणाचा विसर्ग ज्ञात आहे, पाऊस मात्र मोजक्या पर्जन्यमापकांवरून धरावा लागतो. निरीक्षण म्हणजे पुलाजवळची दर तासाची पातळी, जी पातळी-विसर्ग वक्राने (कोणत्या पातळीला किती विसर्ग, हे सांगणाऱ्या आलेखाने) मॉडेलशी जोडली आहे.

कालमन यांचा १९६० चा फिल्टर (मॉडेलचा अंदाज आणि मोजणी यांची सांगड घालून अवस्था काढणारी पद्धत) रेषीय प्रणालीसाठीच नेमका असल्याने त्याचे विस्तारित रूप वापरून पाहिले. माती भरण्याच्या उंबरठ्यावर विकलज (बदलाचा दर) एकदम बदलतो आणि तेथे ते भरकटते. ज्युलियर आणि उलमन यांचा अनसेंटेड फिल्टर त्यापेक्षा बरा चालतो. तरीही ‘माती भरली आहे’ आणि ‘अजून भरलेली नाही’ अशा दोन शक्यता एकाच वेळी जिवंत असतात, तेव्हा तो दोहोंच्या मधली, प्रत्यक्षात फारशी संभवतच नसलेली अवस्था सर्वांत संभाव्य ठरवतो. म्हणून गॉर्डन, सॅल्मंड आणि स्मिथ यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या बूटस्ट्रॅप पार्टिकल फिल्टरकडे वळले. त्यात अवस्थेच्या अनेक शक्यता ‘कण’ म्हणून पुढे नेतात, मोजणीशी जुळण्यानुसार प्रत्येकाला भार देतात आणि भारानुसार त्यांची पुनर्निवड करतात.

अडचण येथे आहे. पावसाळ्याच्या साध्या दिवसांत फिल्टर उत्तम चालतो, पण पातळी झपाट्याने चढू लागली की दोन-तीन तासांतच जवळजवळ सगळा भार एका-दोन कणांवर येऊन पडतो. कणांची संख्या दहापट केली तरी कोसळणे फार तर तासभर पुढे जाते. क आणि न हे पॅरामीटर अवस्थेतच जोडले असल्याने पुनर्निवडीनंतर त्यांची विविधताही संपते, आणि पूर ओसरल्यावर त्यांचे मूल्य कुठल्या तरी एका आकड्यावर गोठून राहते. ज्या तासांसाठी हा खटाटोप केला, नेमक्या त्याच तासांत उत्तर निरुपयोगी व्हावे, हे मला पटत नाही. अशा वेळी एन्सेम्बल कालमन फिल्टर (अनेक नमुन्यांवर चालणारे कालमन फिल्टरचे रूप) घ्यावा, की आंद्रिये, दूसे आणि होलेनस्टाइन यांची २०१० ची पार्टिकल मार्कोव्ह चेन माँटे कार्लो पद्धत, जिच्यात पार्टिकल फिल्टरच्या आधारे पॅरामीटरच्या किमतींचे नमुने साखळीने एकामागून एक घेतात?

दुसरा प्रश्न जुन्या नोंदींचा आहे. तासागणिक पातळी सर्व वर्षांची मिळत नाही. परंतु पूर आला की गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत वा गळ्यापर्यंत पाणी आल्याचे वृत्त नाशिकच्या वर्तमानपत्रांत हमखास येते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांसाठी अशी वर्णने मी जमवली आहेत. मूर्तीची उंची ठाऊक असल्याने त्यांतून पातळीच्या मर्यादा निघतात, नेमका आकडा निघत नाही. अशी मर्यादारूप माहिती लाइकलिहुडमध्ये (अवस्था अमुक असल्यास तशी नोंद मिळण्याच्या संभाव्यतेत) कशी घालावी?

प्रतिसाद

तुमची अवस्था तीनच घटकांची आहे, त्यामुळे मितींचा शाप (घटक वाढतील तसे लागणारे कण भरमसाठ वाढणे) हे येथे कारण नाही. एन्सेम्बल कालमन फिल्टरचा खरा उपयोग हवामानासारख्या अवाढव्य प्रणालींत होतो. शिवाय तोही अद्ययावत करताना गाऊसियन (एकाच शिखराच्या घंटाकृती वितरणाचे) गृहीतकच वापरतो, म्हणजे दोन शिखरांची तुमची तक्रार तशीच राहील.

माझा संशय निरीक्षणाच्या गोंगाटावर आहे. पातळी-विसर्ग वक्र बहुधा मध्यम प्रवाहाच्या मोजणीवरून बसवलेला असतो आणि पुरात तो बाहेर ताणला जातो. सर्व पातळ्यांना एकच प्रमाण विचलन दिले असेल, तर पुराच्या वेळी लाइकलिहुड अवाजवी टोकदार होते आणि कण मरतात. तुलना लॉग-विसर्गात करा आणि विचलन प्रवाहाबरोबर वाढू द्या. प्रणालीतला गोंगाटही साठ्यावर न घालता पावसावर गुणकाच्या रूपात घाला. साठा ऋण होणार नाही आणि पाऊस वाढताच कण आपोआप पसरतील. एवढ्यानेही भागले नाही, तर पुढची पातळी पाहून कण हलवणारा प्रस्ताव (नवे कण कुठे टाकायचे ते ठरवणारे वितरण) घ्या. पिट आणि शेफर्ड यांचा १९९९ चा सहायक पार्टिकल फिल्टर त्याच विचाराचा आहे.

स्थिर पॅरामीटर अवस्थेत जोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पूर्वीच्या पुरांवर पार्टिकल मार्कोव्ह चेन चालवून क आणि न यांचे पोस्टिरिअर (मोजणी पाहिल्यानंतरचे संभाव्यता-वितरण) काढून ठेवा आणि प्रत्यक्ष पुरात त्यातले नमुने घेऊन केवळ अवस्था काढा. कणांची संख्या अशी ठेवा की लॉग-लाइकलिहुडच्या अंदाजाचे प्रमाण विचलन साधारण १ ते १.७ राहील, त्याहून फार अचूकतेसाठी संगणकाचा वेळ घालवण्यात अर्थ नाही. क आणि न यांचा सहसंबंध तीव्र असणारच, कारण साठ्याचे एकक बदलले की क बदलतो. त्याऐवजी नेहमीच्या पुराचा एक संदर्भ-साठा धरा आणि त्या साठ्यावरचा विसर्ग व न हे दोन पॅरामीटर घ्या, म्हणजे साखळी मोकळी फिरेल.

मारुतीच्या नोंदी पार्टिकल फिल्टरमध्ये सहज बसतात. कणाची पातळी आणि वार्ताहराच्या नजरेची चूक धरून, पाणी कमर आणि छाती यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता काढायची; तोच त्या कणाचा भार. एक पथ्य मात्र पाळा: वृत्त पाणी चढल्यावरच येते. फक्त छापून आलेले दिवस घेतलेत, तर मॉडेल पातळी जास्त दाखवायला शिकेल. त्या पावसाळ्याचे अंक सलग पाहता येत असतील, तर वृत्त नसलेले दिवसही ‘पाणी पायांच्या खाली’ अशी मर्यादा धरून घाला. वृत्तात वेळ दिलेली नसेल, तर ती नोंद एका तासाला न चिकटवता त्या दिवसाच्या कमाल पातळीला लावा. त्यासाठी प्रत्येक कणाबरोबर दिवसाची आतापर्यंतची कमाल पातळीही जपावी लागेल.

हे सारे आधी कृत्रिम विदेवर तपासा: क आणि न स्वतः ठरवून पूर तयार करा आणि तेच आकडे परत मिळतात का, ते पाहा. दरम्यान तुमचा पातळी-विसर्ग वक्र कोणत्या पातळीपर्यंतच्या प्रत्यक्ष मोजणीवर बसवला आहे, ते येथे लिहिलेत, तर विचलन किती वाढू द्यावे याबद्दल अधिक नेमके सांगता येईल.