रे: रे: रे: २२ तारखेसाठी इंडक्शन प्लेट हवी (तातडीचं)

सचिव लिहितात:

मंडळी, घाईत लिहितेय. २२ ला तोच हॉल मिळालाय, पण वरचा मजला. तिथे सिंक आहे, शेगडी नाही, आणि ज्वाळा अजिबात चालणार नाही. कोणाकडे पडून असलेल्या दोन इंडक्शन प्लेट आहेत का? शिवाय बुडाला लोहचुंबक चिकटेल असं उथळ पॅन हवं. माझं ॲल्युमिनियमचं आहे. ते ठेवलं की प्लेट नुसती टुकटुक करते आणि बंद पडते. आम्लेट बाईंच्या पद्धतीनेच करायचं ठरलंय, त्यामुळे पॅन महत्त्वाचं. उत्तर लवकर द्या.

माई (आहार समिती):

कुठे ठरलं? आहार समितीच्या मीटिंगमध्ये तर नाही. २२ चं जेवण आम्ही संक्रांतीलाच पक्कं केलंय. आणि निम्म्या लोकांना अंडं चालत नाही, हे सचिवांना मी सांगायला हवं का?

अप्पा:

कोण बाई?

सचिव:

माई, जेवणाला हात लावत नाही. हे जेवणाआधीचं वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक. कार्यकारिणीच्या मेलमध्ये होतं, तुम्हाला सीसी राहिली असेल तर माफ करा.

अप्पा, ज्युलिया चाइल्ड, टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणारी अमेरिकन बाई. नाव ऐकून होते, पण फ्रेंच स्वयंपाकाशी मला काय कर्तव्य म्हणून तिचा कार्यक्रम कधी लावला नव्हता. गेल्या महिन्यात बर्फात तीन दिवस घरात अडकलो, धाकट्याला ताप, तेव्हा सहज लावलं. कृष्णधवल चित्र, सहा फूट दोन इंच उंच बाई, आणि आवाज असा की पहिली दोन मिनिटं मला वाटलं कोणीतरी कोणाची तरी नक्कल करतंय. ‘द फ्रेंच शेफ’चा पहिला भाग ११ फेब्रुवारी १९६३ चा, आपल्या इथल्याच, बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या टीव्ही स्टेशनवरचा. भाग गोमांसाचा, तरी पूर्ण बघितला. कारण ती सांगते, तुकडे आधी कोरडे पुसून घ्या, ओले असतील तर तांबूस होत नाहीत. मी पंधरा वर्षं पनीर ओलंच टाकतेय आणि तव्याला दोष देतेय!

मग बटाट्याचा भाग लागला. ती पॅनमधला बटाट्याचा थर उडवून उलटायला जाते आणि अर्धा शेगडीवर सांडतो. बाई हसत तो गोळा करून परत पॅनमध्ये टाकते. म्हणते, उडवताना धीर कमी पडला, आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच असाल तर बघतंय कोण. हे टीव्हीवर! तेव्हा शक्यतो न थांबता एका दमात रेकॉर्ड करायचे, म्हणून ते तसंच राहिलं. मी तिथेच ठरवलं की हे मंडळात करायचं.

नाना:

बटाटा नव्हे, कोंबडी. मी १९७१ साली इथे आलो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कोंबडी जमिनीवर पडली, बाईंनी उचलली, पुसली आणि पाहुण्यांना वाढली. नव्या लोकांनी अर्धवट माहिती पसरवू नये.

सचिव:

नाना, कोंबडी जमिनीवर पडलेला भाग नाहीच. अनेकांना तसंच आठवतं, कोणाला टर्की आठवते, पण पडला तो बटाटा, आणि तोही शेगडीवर. असो. प्लेट आहे का तुमच्याकडे?

नाना:

रंगीत होतं. मला कोंबडीचा रंग आठवतो.

अप्पा:

नाना, बटाट्याचा भाग १९६३ चा, रंगीत भाग १९७० पासूनचे. तुम्ही कोणाच्या घरी बघत होतात आणि समोर ताटात काय होतं, ते आठवा.

बाकी ही बाई होय! आम्ही वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये तिचं केंब्रिजचं स्वयंपाकघर बघितलंय, जसंच्या तसं उचलून नेलेलं. भिंतीवर प्रत्येक पॅनची बाह्यरेषा काढलेली, कुठलं कुठे टांगायचं ते कळावं म्हणून. तिच्या नवऱ्याची कल्पना. आमच्या हिने घरी आल्यावर मलाही तसं करायला लावलं, त्यात एक सुट्टी गेली. ओटेही तिच्या उंचीप्रमाणे नेहमीपेक्षा उंच. हॉलमधली टेबलं गुडघ्याइतकी आहेत. वाकून पाठ मोडेल, त्याचा विचार करा.

खजिनदार:

उंची राहू द्या, विजेचं बघा. एक इंडक्शन प्लेट १८०० वॉटची. इथे १२० व्होल्ट, म्हणजे भागाकार १५ अँपिअर. वरच्या मजल्याचा ब्रेकर १५ चाच आहे, मी जाऊन बघितलाय. एका प्लेटवरच तो काठावर येणार, आणि तुम्हाला हव्यात दोन. वर कोणीतरी चहाचा अर्न त्याच सॉकेटला लावणार (कोण ते सगळ्यांना माहीत आहे), आणि गणपतीत ऐन आरतीत जे झालं ते पुन्हा होणार.

बाई नशीबवान. त्या टीव्ही स्टेशनचा स्टुडिओ १९६१ मध्ये जळाला, म्हणून सुरुवातीचे भाग वीज कंपनीच्याच किचनमध्ये झाले. तिला ब्रेकरची कसली चिंता!

माई:

अर्न मी लावला नव्हता.

खजिनदार:

मी नाव घेतलेलं नाही.

सचिव:

बरं, एकच प्लेट. पण काल शेजारणीची इंडक्शन आणि तिचंच चुंबक लागणारं पॅन आणून करून बघितलं, तर वेगळाच घोळ. बाईंची पद्धत म्हणजे आच मोठी, लोण्याचा फेस बसला की अंडी ओतायची, काही सेकंद थांबायचं आणि मग पॅन झटके देत आपल्याकडे ओढायचं. अंडं पलीकडच्या काठाला आपटून आपोआप गुंडाळलं जातं. अर्ध्या मिनिटात खेळ खलास. पण इंडक्शनवर पॅन जरा उचललं की आच जाते! न उचलता ओढलं तर काचेवर चरे. सहा अंडी गेली. नवरा म्हणाला, छान भुर्जी झालीये.

अप्पा:

आमचा बिडाचा तवा घ्या. चुंबक चिकटतो.

सचिव:

अप्पा, तो तवा मी कोजागिरीला उचललाय. त्याला झटका द्यायचा तर आधी माझा खांदा निखळेल.

नाना:

इंडक्शन हवीच कशाला? तळघरात माझी जुनी कॉइलची शेगडी आहे, हजार वॉटची, विद्यार्थी असतानाची. पॅन उचललं तरी तापलेलीच राहते, ॲल्युमिनियमही चालतं. तुमच्या त्या बाई १९६२ मध्ये टीव्हीवर पहिल्यांदा आल्या त्या पुस्तकांच्या कार्यक्रमात, पाहुण्या म्हणून. नुसतं बोलत काय बसायचं म्हणून स्वतःची हॉटप्लेट घेऊन गेल्या आणि आम्लेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, त्यावरून पुढचा सगळा कार्यक्रम. हे मुलीने आत्ता वाचून दाखवलं. कोंबडीबद्दल ती अजून शोधतेय.

खजिनदार:

हजार वॉट चालेल. नाना, वायर बदलून आणा.

माई:

अंड्याचं पॅन वेगळं, त्याला लाल दोरा बांधा. न खाणाऱ्यांसाठी तोच बटाट्याचा थर करा, बटाटे आहार समिती उकडून देईल. पण उलटताना सांडलं तर टेबल सचिवांनी पुसायचं. आणि चहा मी थर्मासमधून आणतेय, सगळ्यांनी नोंद घ्यावी.

अप्पा:

दिवाळीला मंडळाचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड कोणी नेला? कॉइल शेगडीची वायर हातभर असते.