नसबंदीनंतर पोटात रक्तस्राव झालेल्या कुत्रीची घरी काळजी कशी घ्यावी?

चिंगीची आई, भांडुप

नमस्कार. आमची चिंगी अडीच वर्षांची, १७ किलो वजनाची गावठी कुत्री आहे. दहा दिवसांपूर्वी आमच्या भागातील एका दवाखान्यात तिची नसबंदी झाली. पहिला दिवस ती गुंगीत होती, ते अपेक्षितच होते. परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठेना, पोट ताठरले आणि हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या. रात्री मोठ्या रुग्णालयात नेल्यावर सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेले दिसले. आधी रक्त चढवून मग पोट पुन्हा उघडावे लागले. तेथील सर्जननी सांगितले की, एखाद्या रक्तवाहिनीची गाठ सुटलेली नव्हती, सगळीकडूनच रक्त झिरपत होते. प्लेटलेट्स अवघ्या २८ हजार होत्या आणि एर्लिकियाची, म्हणजे गोचिडतापाची, चाचणी पॉझिटिव्ह आली. पहिल्या ऑपरेशनआधी रक्ततपासणी झालीच नव्हती. त्यांनी सुचवली नाही आणि आम्हीही विचारले नाही, हे मनातून जात नाही.

काल तिला घरी आणले. हिमोग्लोबिन ७.२ आहे. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली की ती उलटी करते, दहीभाताशिवाय कशालाही तोंड लावत नाही, आणि टाक्यांच्या खालच्या टोकाला लिंबाएवढी मऊ सूज येऊन गुलाबी पाणी झिरपते आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. सासूबाई जखमेवर हळद लावू म्हणतात. रात्री-अपरात्री कोणती लक्षणे दिसली तर तत्काळ निघावे आणि कशासाठी सकाळपर्यंत थांबले तरी चालेल, हे कोणी सांगू शकेल का?

जुना गिरगावकर

ताई, दहीभात आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र देऊ नका. आमच्या खंड्याला गोचिडताप झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते की दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागते. आणि रिकाम्या पोटी दिले तर उलटी होते. त्यामुळे आधी चार घास मऊ भात आणि उकडलेले चिकन, मग गोळी, वर थोडे पाणी, आणि दही हवेच असेल तर ते दोन-तीन तासांनी, असा आमचा क्रम होता. चिकन उकडताना कांदा-लसूण मुळीच घालू नका. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि चिंगीकडे त्या आधीच कमी आहेत.

जिन्यावरून तिला पोटाखाली हात घालून उचलू नका. चादरीची झोळी करून दोघांनी दोन टोके धरावीत. खरे तर लघवीसाठी चार मजले उतरवूच नका. खंड्या मोरीत लघवी करायला तयार नव्हता, चौदा तास धरून बसला होता. शेवटी वाडीतल्या झाडाखालची माती परातीत भरून वर आणली, तेव्हा कुठे त्याला ती जागा पटली. आमच्या हिला अजून ती परात स्वयंपाकघरात चालत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

निवृत्त पशुवैद्य, दादर

दुरून निदान करता येत नाही. पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावा, इतकाच त्याचा हेतू आहे.

चिंगीच्या हिरड्या आता फिकटच असणार. म्हणून त्या फिकट आहेत का, यापेक्षा सकाळपेक्षा अधिक फिकट झाल्या आहेत का, हे पाहा. रोज एकाच दिव्याखाली फोटो काढून ठेवलात तर उत्तम. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. गाढ झोपेत श्वास मोजा. निरोगी कुत्र्याचा तो मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. १० मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजूनही ४० च्या वर आला, तर सकाळची वाट पाहू नका. पोट पुन्हा फुगून ताठरले, ती उभी राहताना कोसळली, नाकातून रक्त आले किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तरीही तसेच. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि हिरड्या पिवळसर दिसू लागल्या, तर चढवलेल्या पेशी फुटत असण्याची शक्यता असते, आणि ही प्रतिक्रिया रक्त दिल्यानंतर काही दिवसांनीही उद्भवू शकते. तापमान गुदद्वारातूनच घ्या. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट नेहमीचे, १०३ च्या वर गेल्यास डॉक्टरांना फोन करा.

मऊ, न दुखणारी सूज बहुधा कातडीखाली साठलेल्या द्रवाची असते आणि ती आपोआप जिरते. ती दाबू नका. पाणी दाट झाले, त्याला वास येऊ लागला किंवा एकाएकी बिछाना भिजेल इतके आले, तर मात्र आतला थर उसवल्याची शंका घ्यावी. पोटातले काही बाहेर डोकावले तर ते आत ढकलू नये. सलाईनमध्ये भिजवलेला स्वच्छ कपडा त्यावर धरून निघावे. पोट दोनदा उघडलेले असल्यामुळे ही सूज उद्या दाखवाच. हळद, पावडर, खोबरेल, काहीही लावू नका. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेला कोन एक मिनिटही काढू नका, कारण टाके तोडायला कुत्र्याला तेवढे पुरते.

वेदनेसाठी घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांचे औषध असले, तरी न खाणाऱ्या आणि रक्त कमी असलेल्या कुत्रीला ते विचारल्याशिवाय नको.

एर्लिकिया महिनोन्महिने शरीरात दबून राहतो. कुत्रे खाते, खेळते, आणि प्लेटलेट्स मात्र घसरलेल्या असतात. मुंबईच्या दमट हवेत गोचीड बारा महिने असते, म्हणून येथे ऑपरेशनआधीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, ही चैन समजू नये. डॉक्सिसायक्लिन साधारणतः २८ दिवस चालते. बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नका.

एक वाचक, मुलुंड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या पहिल्या दवाखान्याला मोकळे सोडू नये. आणि घरातल्या कुत्रीची नसबंदी करण्याची गरजच काय होती?

निवृत्त पशुवैद्य, दादर

तक्रार करायची की नाही हे त्या ठरवतील. दोन्ही ठिकाणची कागदपत्रे आणि अहवाल आजच मागून ठेवावेत, एवढे मी सुचवेन. गरजेबद्दल म्हणाल, तर मोठ्या वयाच्या कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होतो आणि तेव्हा हेच ऑपरेशन आजारी, तापलेल्या अंगावर करावे लागते. अशा कुत्र्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चूक नसबंदीची नव्हती, न केलेल्या तपासणीची होती.

चिंगीची आई, भांडुप

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले. परवा रात्री दीड वाजता झोपेतला श्वास ४४ आणि पुन्हा मोजल्यावर ४६ आला, ताप १०३.८ होता. अॅपवरच्या दोन गाड्या कुत्री पाहून परत गेल्या. अखेर स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला तयार झाला. जखमेच्या वरच्या थरात संसर्ग निघाला, आतला थर शाबूत होता. अँटिबायोटिक बदलले. प्लेटलेट्स १ लाख १० हजारांवर आल्या आहेत, हिमोग्लोबिन मात्र ६.९ आहे. पुन्हा रक्त लागल्यास या वेळी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचे रक्त जुळते का याची चाचणी, केल्याशिवाय देता येणार नाही, असे सांगितले आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ३१ किलोंच्या लॅब्रॅडॉरच्या मालकांनी रक्त देता यावे म्हणून स्वतःहून त्याची तपासणी करून ठेवली.

परातीतली माती तिला पहिल्याच रात्री पटली. सासूबाईंनी हळदीचा डबा आत ठेवला आहे आणि श्वास मोजण्याचे काम आता त्याच करतात. वहीत त्यांच्या अक्षरात दर दोन तासांची नोंद आहे, काल रात्रीची शेवटची २६.