शब्दचर्चा: निष्कर्ष 'निघतो' की आपण 'काढतो'?

शाहूपुरी, सातारा

अकरावीला तर्कशास्त्र शिकवते. मुलांना अग्रलेख आणि वाचकांची पत्रं देऊन त्यांतले युक्तिवाद तपासायला सांगितलं, तर बहुतेकांच्या उत्तरात एकच क्रियापद आलं: 'पटलं' नाही तर 'पटलं नाही'. परीक्षणाला हे क्रियापद मला अपुरं वाटतं. पटणं हे वाचणाऱ्याच्या मनात घडतं. युक्तिवाद बरोबर असणं किंवा चुकीचा असणं हे त्याच्या रचनेत असतं. सदोष युक्तिवाद छान पटतो आणि बिनचूक युक्तिवाद कित्येकदा गळी उतरत नाही. पुस्तकात यासाठी 'वैध' आहे, पण मुलांना त्यातून 'अवैध वाळूउपसा' आणि 'वैध परवाना'च ऐकू येतो. 'तर्क' म्हटलं की त्यांना अंदाज वाटतो, 'युक्तिवाद' म्हटलं की वकिली. बोलीच्या जवळचा एखादा नेमका शब्द आहे का?

विश्रामबाग, सांगली

मॅडम, वकिलीच करतो, म्हणून 'युक्तिवादा'पासून सुरुवात करतो. कोर्टात हा शब्द अगदी साध्या अर्थाने चालतो. साक्षी-पुरावे संपले की 'अंतिम युक्तिवाद' होतो, म्हणजे जे पुराव्यात आलंय त्यावरून काय ठरतं ते मांडायचं. वकिलाचा युक्तिवाद हा पुरावा नव्हे, हे तर पहिल्या वर्षी शिकवतात. तेव्हा 'युक्ती' ऐकून चलाखी समजायचं कारण नाही. युक्त म्हणजे जोडलेलं, आणि जोड कशी आहे तेच तपासायचं असतं.

तुम्हाला हवा तो शब्द मला क्रियापदात दिसतो. आपण 'निष्कर्ष निघतो' असंही म्हणतो आणि 'निष्कर्ष काढतो' असंही. काढणारा माणूस असतो. निघणं मात्र विधानांवर अवलंबून असतं. जो निघत नाही तो निष्कर्षही माणूस काढू शकतो, आणि बहुतेक वाद तिथेच अडतात. मुलांना 'वैध आहे का' ऐवजी 'यातून हे निघतं का' असं विचारून पाहा.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर सांगलीत ऐकू येणारा युक्तिवाद असा: कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणात पाणी साठवलं होतं, त्याच दिवसांत इथे पूर आला, म्हणून पूर अलमट्टीमुळे आला. पहिली दोन विधानं खरी धरली तरी तिसरं त्यांतून निघत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच त्यांतून कळतं. पण याला दिलं जाणारं उत्तरही तितकंच कच्चं असतं: पाऊस प्रचंड झाला, म्हणून धरणाचा काही संबंध नाही. पूर यायला एकाहून जास्त कारणं असू शकतात. एक सापडलं म्हणजे दुसरं बाद होत नाही. निष्कर्ष निघायला मधली विधानं लागतात. कोयनेतून किती विसर्ग झाला, आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी कधी ओलांडून गेलं, त्या वेळी अलमट्टीची पातळी किती होती, आणि तिथली फूग, म्हणजे धरणाने अडलेल्या पाण्याची मागे सरकणारी चढ, इथवर पोहोचते का. ही विधानं न मांडता जो बोलतो, तो कोणत्याही बाजूचा असला तरी त्याचा निष्कर्ष निघालेला नाही, त्याने तो काढलेला आहे. ज्यांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं त्यांना तरी नीट बांधलेला युक्तिवाद मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वाई

'निघणे' फार चांगलं सुचवलंत. न्यायदर्शनात, म्हणजे अनुमानाचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनात, या निघण्यामागच्या संबंधाला 'व्याप्ती' म्हणतात. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती. अनुमानाचे अवयव पाच: प्रतिज्ञा, हेतू (इथे उद्देश नव्हे, दिलेलं कारण), उदाहरण, उपनय, निगमन. क्रमाने असे: डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

मॅडम, हे तुम्ही यवतेश्वरच्या डोंगरावरच मांडा. श्रावणात तिथे जे दिसतं ते धुकं असतं. धुक्याला धूर समजून कोणी 'वर आग आहे' म्हणाला, तर त्याची व्याप्ती ठीक आहे, पण हेतूच जागेवर नाही. हा 'असिद्ध' हेतू. दुसरा कोणी म्हणाला, 'तिथे अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे', तर त्याचा हेतू खरा असूनही व्याप्ती मोडते. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर ओल्या सरपणाचा. पहिल्याचं विधान खोटं आहे, दुसऱ्याचं निघणं खोटं आहे. युक्तिवाद तपासताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले की निम्मं काम झालं. मुलं 'पटलं नाही' लिहितात तेव्हा या दोहोंपैकी काय खटकलं ते विचारा.

आता 'तर्क'. मुलांचं चुकत नाही. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत तर्काची व्याख्याच 'ऊह' अशी केली आहे. ज्याचं तत्त्व अजून कळलेलं नाही, त्याविषयी कारणं पाहून केलेला विचार म्हणजे तर्क. तो प्रमाणांना, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याच्या साधनांना, मदत करतो, पण स्वतः प्रमाण नाही. 'धूर आहे पण अग्नी नाही असं मानलं तर काय होईल?' असं धरून चालणं हा तर्क. म्हणजे आपण 'तर्क लढवतो' म्हणतो ते मूळ अर्थाच्या बरंच जवळ आहे. या शास्त्राला सरसकट 'तर्कशास्त्र' म्हणण्याची सवय पडली आणि 'तर्क' म्हणजे पक्कं अनुमान असं वाटू लागलं. आमच्या वाईत 'तर्कतीर्थ' म्हटलं की लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोश डोळ्यांपुढे येतात, तिथे 'तर्क' हा शब्द शास्त्राचं नाव म्हणून येतो. दोन्ही वापर जुने आहेत. संदर्भ सांगितला की गोंधळ होत नाही.

कराड

दोषांची नावं शिकवताना म्हणी हाताशी ठेवा. ओढूनताणून नातं लावलं की 'बादरायण संबंध'. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या नावावर खपवलं की 'वडाची साल पिंपळाला'. स्वतःच्याच बोलण्याने स्वतःचं बोलणं खोडलं की 'वदतोव्याघात'. आणि थोडक्या उदाहरणांवरून सगळ्यांविषयी बोललं की 'शितावरून भाताची परीक्षा'.

वाई

शेवटची म्हण दोषांत घालू नका. एका पातेल्यातलं पाणी, आच आणि तांदूळ सारखे असतात, म्हणून एका शितावरून भात शिजल्याचं कळतं. ते योग्य अनुमान आहे. एका गावावरून तालुक्याविषयी बोलणारा चुकतो, कारण तालुका म्हणजे एकजिनसी पातेलं नव्हे. म्हण कुठे लागू पडते हे शोधायला लावलं तर मुलांचा चांगला अभ्यास होईल.

शाहूपुरी, सातारा

सगळ्यांचे आभार. उत्तरपत्रिकेत आता 'पटते का' हा प्रश्न शेवटी ठेवीन. आधी 'विधाने खरी आहेत का' आणि 'निष्कर्ष निघतो का'. पण एक अडचण राहते. काही मुलं फक्त समोरच्याचा दोष दाखवतात, स्वतःचं मत मांडत नाहीत. बाकीचे त्यांना 'वितंडवादी' म्हणतात. हे बरोबर आहे का?

वाई

नाही. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्याच जल्पात स्वतःचा पक्ष सिद्ध करण्याची जबाबदारी न घेता नुसतं खंडन केलं की वितंडा. तुमची मुलं जिंकायला बसलेली नाहीत, त्यांना तपासायला सांगितलं आहे. 'यातून हे निघत नाही' एवढंच म्हणून कोणी थांबला, तर सांगितलेलं काम त्याने केलं. त्याला पूर्ण गुण द्या.